आवाजाचा आकडा आरसी बुकावर छापा

वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा, हा व्हिडिओ पुण्याचा असो वा नागपूरचा, आमच्या शाळेच्या ग्रुपवर येतोच. मग दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, बरं झालं, या फटाका सायलेन्सरवाल्यांना असंच पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, विसर्जनाच्या डीजेला हात लावायची हिंमत नाही आणि पोरांच्या बुलेटवर सगळा जोर. मध्येच कुणीतरी हमखास लिहितं, परदेशात असलं चालतच नाही, तिकडे लोकांना शिस्त आहे.

मी जर्मनीत मानहाइमला राहतो आणि माझ्याकडे आबार्थ ५९५ आहे. फियाट ५००च्या एवढ्याशा देहात १.४ लिटरचं टर्बो इंजिन आणि कंपनीनेच बसवलेला मोकळ्या गळ्याचा एक्झॉस्ट. याच टर्बो इंजिनाची आबार्थ पुंटो आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली बाहेर पडली होती, १४५ अश्वशक्तीची. तेव्हापासून ही गाडी माझ्या डोक्यात होती. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वर नेऊन ॲक्सिलरेटर सोडला की मागून दोन-तीन फटाके फुटतात. मला तो आवाज मनापासून आवडतो.

म्हणून कोथरूडच्या मावसभावाने विचारलं, "दादा, तुझी गाडी फटाके फोडते ती कायद्यात बसते, आणि माझ्या बुलेटला दहा हजार दंड?" प्रश्न रास्त आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. कायदा मवाळ आहे असं कुणी म्हणू नये.

आधी आवाज होतो कसा ते सांगतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एरवी इंजिन पेट्रोल तोडतं. अशा गाड्यांत मात्र संगणक क्षणभर थोडं पेट्रोल चालू ठेवतो आणि ठिणगी उशिरा पाडतो. सिलिंडरात पुरतं न जळलेलं मिश्रण तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं. रॅलीच्या गाड्यांत टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, फिरता ठेवण्यासाठी याच जातीची युक्ती वापरत. रस्त्यावरच्या गाडीत तिचा उपयोग कानापुरता. बुलेटचं तंत्र याहून सोपं: कंपनीचा सायलेन्सर काढायचा आणि नाना पेठेतून आणलेला, आत जवळजवळ काहीच नसलेला नळा लावायचा. आवाज दोन्हीकडे हौसेचाच. मी माझी हौस उच्च आणि त्याची हलकी असं म्हणणार नाही.

फरक कागदाचा आहे. जर्मनीत गाडीच्या नोंदणीपत्रावर यू.१, यू.२ आणि यू.३ असे तीन रकाने असतात. पहिल्यात उभ्या गाडीचा आवाज डेसिबलमध्ये, दुसऱ्यात तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मोजला ते, तिसऱ्यात चालत्या गाडीचा आवाज. पोलीस गाडी थांबवतो, वाकून सायलेन्सरवर ठोकलेला ई-शिक्का, म्हणजे मान्यतेची खूण, बघतो. शंका आली तर एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरतो आणि ठरलेल्या फेऱ्यांवर इंजिन चढवायला सांगतो. आकडा कागदाशी जुळला तर तुम्ही मोकळे. नळा बदललेला निघाला तर गाडी जागेवरून टोइंगच्या ट्रकवर चढते, तज्ज्ञाकडे जाते आणि सगळा खर्च मालकाच्या डोक्यावर. मानहाइम पोलिसांनी २०१६पासून हे नेटाने चालवलं आहे. वाद घालायला जागा उरत नाही, कारण पोलिसाच्या कानाला काय वाटलं हा मुद्दाच नसतो.

म्हणून शिस्तीची गोष्ट मला पटत नाही. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी वासरटुर्मच्या, म्हणजे पाण्याच्या जुन्या मनोऱ्याच्या, चौकात या, कार्ल बेंझच्या या गावात पोरं तीच तीच फेरी मारत इंजिन ओरडवताना दिसतील. निष्कारण आवाज करण्याचा दंड २०२१ साली वाढवून १०० युरोंपर्यंत नेला तो काय लोक गुणी होते म्हणून? तटही इथे पडतातच. मे २०२०मध्ये जर्मनीच्या वरच्या सभागृहाने नव्या मोटरसायकलींना ८० डेसिबलची कमाल मर्यादा घाला असा ठराव केला, तेव्हा हजारो मोटरसायकलवाले रस्त्यावर उतरले आणि केंद्राने तो उचलला नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या ऑस्ट्रियात, टिरोलमधल्या काही घाटरस्त्यांवर, कागदावर ९५ डेसिबलपेक्षा जास्त आकडा असलेल्या मोटरसायकलींना बंदी झाली. बंदी योग्य की अयोग्य यावर अजून भांडतात, पण कुठली गाडी बंदीत येते यावर भांडण नाही.

या व्यवस्थेतही एक मोठं भोक आहे, आणि ते माझ्याच गाडीच्या मागे आहे. नव्या मॉडेलच्या मान्यतेच्या चाचणीत गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येते, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबतात, आणि साडेसात मीटरवरचे मायक्रोफोन वेग घेतानाचा आवाज टिपतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जे फटाके फुटतात त्यांच्यासाठी ही चाचणी बांधलेलीच नाही. कारखान्यांना हे पक्कं ठाऊक आहे. दंड फक्त मालकाने भरायचा आणि फटाके संगणकात लिहून देणारा कारखाना बाहेर, हे मला अन्यायाचं वाटतं. युरोपने हे भोक बुजवावं. माझ्या गाडीचे फटाके त्यात गेले तर वाईट वाटेल, तरीही बुजवावं.

तोवर माझ्या पायावर माझा ताबा आहे. मी मानहाइमच्या नेकारश्टाट भागात राहतो. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली जुन्या इमारती, खिडक्या थेट रस्त्यावर. तिथून सकाळी निघताना स्पोर्टचं बटण बंद, लवकर वरचा गिअर आणि फेऱ्या खाली. वस्ती मागे टाकून ओडेनवाल्डच्या डोंगरात गेलो की बटण दाबतो, आणि तिथलं एखादं गाव आलं की पुन्हा बंद. त्या गावांतल्या लोकांचे रविवार मोटरसायकलींनी आधीच खाल्ले आहेत.

आईचं घर पौड रोडला, दुसऱ्या मजल्यावर. माझं ऑफिस सुटतं तेव्हा तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि आमचा फोन तेव्हाच होतो. बोलता बोलता ती थांबते. मला इकडे बुलेट ऐकू येते, आधी लांबून, मग खिडकीखालून फाडफाड करत. ती गेली की आई वाक्य पुढे सुरू करते. तक्रार करत नाही, तिला सवय झाली आहे, आणि मला राग येतो तो त्या सवयीचा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत लिहिलेली. ती मोडणारा सायलेन्सर मिरवणुकीसारखा वर्षातून दहा दिवस येत नाही, रोज रात्री येतो. डीजेवाल्यांनाही आवरायलाच हवं. पण त्यांना आवरेपर्यंत यांना मोकळं सोडा हा युक्तिवाद माझ्या आईच्या उपयोगाचा नाही.

रोडरोलरने फोटो चांगला येतो, दुकानात मात्र नवा नळा तयार असतो. भारतात मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलला चालताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. तो आकडा मालकाला माहीत नसतो आणि चौकातल्या हवालदाराकडे बहुतेक वेळा मोजायला यंत्र नसतं. मग भाषा सुरू होते, "साहेब, कंपनीचाच आहे." गाडीचा उभ्या स्थितीतला आवाज आरसी बुकावर छापला आणि पीयूसीला धुराबरोबर तोही मोजला, तर ही भाषा संपेल. पीयूसीची चिठ्ठी गाडी न बघता मिळते हे मला कुणी सांगायला नको, ते आधी सुधारावं लागेल. पण लागणारं सामान म्हणजे एक मायक्रोफोन आणि एक मोजपट्टी. गाड्यांच्या आवाजाच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यात आहे, वेताळ टेकडीवर, मावसभावाच्या घरापासून बुलेटवर फार तर पंधरा मिनिटांवर. सुरुवात पुण्याच्या आरटीओपासून करता येईल, आणि नव्या नोंदणीच्या गाड्यांपासून केली तर कुणाच्या जुन्या गाडीला पहिल्या दिवशी हातही लावावा लागणार नाही.