लसूण, डांबरगोळी आणि गुरांचं इंजेक्शन: गोचिडांवरच्या त्या मेसेजचं काय करायचं

पावसाळा आला की तो मेसेज उगवतोच. ‘कुत्र्याच्या गोचिडांवर सहा रामबाण उपाय, डॉक्टरांच्या महागड्या गोळीची गरज नाही!’ या वेळी धाकट्या बहिणीने तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘यातलं इंजेक्शन मेडिकलमध्ये मिळतंय, देऊ का?’ म्हणून हे लिहिणं आलं. एरवी वाचून सोडून दिला असता.

मेसेजमधले दावे असे: रोज लसणाची पाकळी, डांबरगोळी आणि रॉकेल, गुरांचं इंजेक्शन ‘फक्त एक मिली’, गोठ्यात वापरतात ते अमिट्राझ ‘बादलीत टोपणभर’, गोचीड फुगला की काडीने जाळा, तोवर धोका नाही, चावून खायची गोळी विष आहे आणि परदेशात तिच्यावर बंदी आहे, आणि शेवटी, कुत्र्याच्या गोचिडामुळे माणसाला माकडताप होतो.

आधी इंजेक्शन, कारण जीव त्याने जातो. हे आयव्हरमेक्टिन, 1 टक्क्याचं. म्हणजे एका मिलीत 10 मिलिग्रॅम, अर्थात 10,000 मायक्रोग्रॅम. गायीला दर किलोला 200 मायक्रोग्रॅम देतात, म्हणजे 50 किलो वजनाला 1 मिली. आता आठ किलोच्या पोमेरेनियनला तोच ‘फक्त एक मिली’ टोचा: दर किलोला 1,250 मायक्रोग्रॅम, गायीच्या सहापट. कुत्र्याला हार्टवर्म, म्हणजे हृदयातले जंत, होऊ नयेत म्हणून महिन्यातून एकदा जे आयव्हरमेक्टिन देतात, ते दर किलोला 6 मायक्रोग्रॅम असतं. सहा आणि साडेबाराशे! कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांत एमडीआर1 नावाच्या जनुकात दोष असू शकतो. अशा कुत्र्यांत औषध मेंदूत शिरतं आणि मग बऱ्याच कमी मात्रेतही विषबाधा होते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, चाल झोकांड्या खाते, दिसेनासं होतं, पुढे थरथर आणि बेशुद्धी. यावर उतारा नाही. सलाइन लावून, अंग ऊबदार ठेवून, दिवसचे दिवस वाट पाहायची.

आणि एवढं करून मिळतं काय? कुत्र्याच्या तपकिरी गोचिडावर आयव्हरमेक्टिनचा भरवसा धरता येत नाही. गोंधळ कुठून आला तेही सांगते. खरजेसाठी डॉक्टर हे औषध कुत्र्याला देतात, वजन करून, इन्सुलिनच्या सिरिंजने मोजून. कुणीतरी ते पाहिलं आणि खरजेवरून थेट गोचिडावर उडी मारली.

याच रांगेत गोठ्यातलं अमिट्राझ बसतं, गुरांच्या अंगावर लावायचं गोचिडाचं औषध. ते कुत्र्यावर चालतं, हे खरं आहे. पण 12.5 टक्क्यांचं द्रावण एक लिटर पाण्यात 2 मिली घातलं तर 250 पीपीएम (दहा लाख भागांत 250 भाग) होतं. हे सिरिंजने मोजायचं औषध आहे, ‘बादलीत टोपणभर’ हे माप नव्हे. मात्रा वाढली की कुत्रा सुस्तावतो, नाडी मंदावते, उलट्या होतात, अंग गार पडतं. औषध वाळेपर्यंत त्याला अंग चाटू द्यायचं नाही. लहान पिल्लांना आणि मधुमेही कुत्र्याला ते लावायचंच नाही. अमिट्राझने रक्तातली साखर वाढते.

रॉकेल आणि डांबरगोळीवर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. रॉकेलने कातडी भाजते. कुत्रा ते चाटतो, थोडं फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. डांबरगोळीतलं नॅप्थलीन तांबड्या पेशी फोडतं. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडातून येणारा ताप, त्यातला बॅबेसिया हा परजीवीही तांबड्या पेशीच फोडतो. म्हणजे आजाराच्या मदतीला आणखी एक माणूस धाडल्यासारखं.

लसूण. जपानमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्र्यांना दर किलो वजनाला 5 ग्रॅम लसणाइतका अर्क सात दिवस दिला, तर तांबड्या पेशींचं नुकसान स्पष्ट दिसलं. मोठ्या कुत्र्याने भाजीतली एक पाकळी खाल्ली तर आकाशपाताळ एक करायला नको, एवढं मान्य. पण त्या पाकळीने गोचीडही पळत नाही. मग रोज द्यायची कशाला?

‘फुगेपर्यंत धोका नाही’ हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य जास्त नडतं. बॅबेसिया पसरायला साधारण एक-दोन दिवस लागतात, हे खरं. पण 2013 मधल्या एका प्रयोगात एर्लिकिया हा जंतू गोचीड चिकटल्यापासून तीन तासांत कुत्र्यात गेला. म्हणून दिसल्या दिसल्या काढा. टोकदार चिमटा कातडीला टेकवून गोचिडाचं तोंड पकडायचं, पोट दाबायचं नाही, आणि न पिळता सरळ, सावकाश वर ओढायचं. काढलेला गोचीड स्पिरिट घातलेल्या झाकणाच्या बाटलीत टाकायचा. नखाने चिरडू नका. गोचिडातून येणाऱ्या रिकेट्सिया या जंतूचा ताप माणसालाही होतो. काडीने जाळायला गेलात तर तो लाळ आणखी आत सोडू शकतो, कुत्र्याचे केस पेटतात ते वेगळंच. तपासताना कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. बहुतेक जण पाठ कुरवाळून थांबतात.

आता गोळी. बंदी वगैरे काही नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, सप्टेंबर 2018 मध्ये या गोळ्यांच्या आयसोक्साझोलिन गटाबद्दल (ब्राव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका ही त्यातलीच) सावधानतेची सूचना काढली: काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके दिसले आहेत. त्याच सूचनेत हेही लिहिलंय की बहुतांश कुत्र्यांसाठी ही औषधं सुरक्षित आणि परिणामकारक आहेत. मेसेजवाल्याने पहिलं वाक्य घेतलं, दुसरं गिळलं. ज्या कुत्र्याला आधी झटके आलेत त्याच्यासाठी वेगळा पर्याय निवडायचा, एवढा त्याचा अर्थ. मेसेजला एक गोष्ट मात्र नाइलाजाने द्यावी लागेल: गोळी गोचिडाला हाकलत नाही. तो चावतो, रक्त पितो, मग मरतो. तेव्हा गोळीनंतरही अंगावर एखादा गोचीड दिसला म्हणून ‘गोळी बोगस’ ठरवू नका आणि तीन तासांचं एर्लिकियाचं गणितही विसरू नका. जिथे प्रादुर्भाव दाट आहे तिथे डेल्टामेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिन या कीटकनाशकाच्या गळ्यातल्या पट्ट्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हा पट्टा कातडीला टेकला पाहिजे, खाली दोन बोटं जातील इतकाच सैल. नेक्सगार्ड, सिम्पारिका महिन्याला, ब्राव्हेक्टोची गोळी बारा आठवड्यांनी. ब्राव्हेक्टो जेवणाबरोबर दिली तर नीट शोषली जाते. मानेवर टाकायचं फिप्रोनिल असेल तर केस बाजूला सारून कातडीवर टाका, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. केसांवरच ओतलं तर पैसे केसांवर. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका. मांजराचा त्याने जीव जातो.

माकडतापाचं एका ओळीत: तो पसरवणारा मुख्य गोचीड जंगलातला, हिमाफिसॅलिस. दोडामार्ग, बांदा, सत्तरीकडे कुत्र्याला रानात फिरवत असाल तर आल्यावर त्याला आणि स्वतःलाही तपासा. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या तपकिरी गोचिडाशी त्याची गल्लत करू नका.

सगळ्यात चीड येते ती मेसेजमध्ये जे नाहीच त्याची. सहाच्या सहा उपाय कुत्र्यावर, घरावर एकही नाही. तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतो, तुमच्या भिंतीत असतो. मादी रक्त पिऊन खाली पडते, वर चढते आणि भेगेत, चौकटीमागे, स्विचबोर्डच्या खाचेत हजारोंनी अंडी घालते. प्रौढ गोचीड वर्षभराहून जास्त उपाशी राहू शकतो. भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा, कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूमची पिशवी लगेच घराबाहेर टाका. फवारणी करवत असाल तर जमिनीबरोबर भिंतीही घ्यायला सांगा आणि कुत्र्याला पूर्ण वाळेपर्यंत बाहेर ठेवा. फवाऱ्याने अंडी मरतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. एकदाच फवारून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणारे ज्यांना शिव्या देतात, ती बहुधा दुसरी पिढी असते.

आणि ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी लघवी दिसली तर कुठलाही मेसेज उघडू नका. त्याच दिवशी रक्ताची तपासणी, प्लेटलेटसह, आणि स्मीअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. स्मीअरमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं ठरत नाही, जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीबद्दल विचारा. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन सहसा 28 दिवस चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा ताटलीवर तुटून पडला तरी ते थांबवायचं नाही. बॅबेसिया निघाला तर औषधं वेगळी लागतात, नुसत्या डॉक्सीवर भागत नाही.