वाळवंटातलं झाड पुण्यात का मरतं

उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो: "पुण्याचं वाळवंट झालंय. आता राजस्थान-दुबईत टिकणारी झाडं लावा. त्यांना पाणी लागत नाही. खोल खड्डा घ्या, तळाशी विटांचे तुकडे टाका, वर भरपूर शेणखत. कोनोकार्पस सर्वांत उत्तम, बारा महिने हिरवागार." यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला रोपाच्या मुळावर येणारा आहे.

"वाळवंटात टिकतं ते पुण्यात टिकणारच." इथेच पाया कच्चा आहे. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिमी पाऊस पडतो. पुण्यात ७०० मिमीच्या आसपास, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोहिडा हे राजस्थानचं झाड थरच्या वाळूत वाढतं, जिथे पडलेलं पाणी पाहता पाहता खाली उतरतं. कोथरूड-बाणेरच्या सोसायटीत त्याच्या वाट्याला मुरूम, बांधकामाचा राडारोडा आणि वर पसरलेली विकतची काळी माती येते. काळी माती पाण्याने फुगते, तिच्यातली हवेची जागा बुजते, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना कुजवते. झाडाचं मरण ऑगस्टमध्येच सुरू झालेलं असतं. पानं मात्र ऑक्टोबरच्या उन्हात झडतात, त्यामुळे दोष उन्हाला लागतो आणि पुढच्या वर्षी आणखी "वाळवंटी" रोप आणलं जातं. पुण्यात झाडाला विचारायचा प्रश्न असा: चार महिने ओल्या मातीत आणि पुढचे आठ कोरड्यात उभं राहशील का?

हे आधी तपासता येतं. ६० सेमी खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी २४ तासांनंतरही उभं असेल तर तिथे खड्ड्यात रोप लावू नका. दीड-दोन मीटर रुंद आणि ३० सेमी उंच उंचवटा करून त्यावर लावा.

"पाणी लागत नाही." दुबईच्या रस्त्यांकडेची हिरवाई प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या नळ्यांवर जगते. तिथला घाफ, राजस्थानची खेजडी आणि आपली शमी हे एकच झाड. ते रानात पाण्यावाचून उभं राहतं, कारण त्याचं सोटमूळ फार खोल जातं. रोपवाटिकेच्या पिशवीत हेच मूळ तळाशी वेटोळं घालून बसतं. लावताना वेटोळी मुळं धारदार कात्रीने कापून टाका, नाहीतर झाड कायम त्या गुंत्यावरच जगतं आणि पुढे वादळात कलंडतं. पहिल्या वर्षी फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा २० लिटर, दुसऱ्या वर्षी दहा दिवसांनी ४० लिटर पाणी द्या. आळं दरवर्षी खोडापासून बाहेर सरकवा. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात.

"विटांचे तुकडे आणि भरपूर शेणखत." बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते सांध्यावर अडतं आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. मुरमात खणलेला खोल खड्डा चांगल्या मातीने भरला, तर ती कुंडीच होते. त्यापेक्षा रुंद खणा, निघालेलीच माती परत घाला आणि तिच्यात फार तर पाचवा हिस्सा पूर्ण कुजलेलं खत मिसळा. कच्च्या शेणाने वाळवी येते. खोड आणि मूळ जुळतात ती जागा मातीखाली गाडू नका.

"कोनोकार्पस उत्तम." तो मूळचा सोमालिया-येमेनच्या बाजूचा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या नळ्या-केबलींत शिरणारी मुळं ही कारणं दिली गेली. शिवाय भर उन्हाळ्यात हिरवंगार दिसणारं झाड कुठून तरी पाणी ओढतच असतं. लवकर वाढतं म्हणून टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून आपण एकदा पस्तावलोच आहोत.

शोभाच हवी असेल तर निचऱ्याच्या जागी बहावा, मेडशिंगी किंवा वारस लावा. खडकाळ उतारावर सोनसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती निष्पर्ण असते, म्हणून वाळली समजून तोडू नका. पानं टाकणं हीच तिची पाणी वाचवण्याची रीत, आणि पिवळी फुलं त्या उघड्या फांद्यांवरच येतात. पळस रोपापेक्षा थेट बीपासून चांगला होतो. पावसात पाणी साचतं तिथे करंज. ताम्हण सुंदर, पण त्याला उन्हाळाभर पाणी द्यायची तयारी ठेवा. काटेसावर मोठी होते, इमारतीपासून निदान दहा मीटर दूर हवी.

वळवाच्या पहिल्या सरीवर रोप लावू नका, मागोमाग कडक ऊन पडलं तर ते करपतं. जूनअखेर फूटभर माती ओली झाली की लावा.