‘चालू स्थितीत’ एवढ्यावर भागत नाही: देवगडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुनं घड्याळ विकताना दोष उघड लिहा, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही मनातलं स्पष्ट लिहिलंत, मीही स्पष्टच लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मामांनी बोटीवर नोकरीला असताना घेतलेलं फेवर ल्युबा कंपनीचं सी चीफ हे मनगटी घड्याळ विकायचंय. ‘१९५० चं स्विस घड्याळ, स्टीलचं, चालू स्थितीत’ एवढं लिहिलं की पुरे. मी सांगतो तसे दोष लिहीत बसलं तर गिऱ्हाईक पळेल. आणि विकण्याआधी पॉलिश करू नका, डायल रंगवू नका हा शहरी शौकिनांचा हट्ट आहे, गावच्या माणसाला तो परवडत नाही.

डायलपासून सुरू करतो, कारण पैसा तिथेच जातो. जुन्या घड्याळाचं गिऱ्हाईक पहिल्यांदा भिंग धरतं ते सहाच्या आकड्याखाली. तिथे तबकडीच्या अगदी कडेला बारीक अक्षरांत ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ असतं. रंगवलेल्या डायलवर हीच ओळ चुकते. कधी ती गायबच होते, कधी मिनिटांच्या रेघांवर चढते, कधी अक्षरं एक जाड तर एक बारीक दिसतात. बसवलेल्या आकड्यांच्या कडांना रंग लागलेला असतो, मधल्या भोकाभोवती थर साचलेला असतो. एचएमटीच्या डायलखाली ‘स्विस मेड’ लिहिलेली घड्याळंही बाजारात फिरतात. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला. त्यात स्वित्झर्लंड कुठून आलं? अशी डायल पाहिली की जाणकार किंमत पाडत नाही, सरळ घड्याळ खाली ठेवतो. डाग पडलेली, पिवळी झालेली पण मूळ डायल मात्र तो घेतो. तेव्हा रंगकामाला दिलेले पैसे तर जातातच, वर किंमतही जाते.

त्याच ओळीवरून सालही तपासा. ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना रोमन ‘टी’ असेल तर अंधारात चमकणारा रंग ट्रिटियमचा. ती खूण १९६० नंतरची आहे, म्हणजे मूळ डायलवर ती असेल तर घड्याळ १९५० चं नाही. खूण नसली म्हणून १९५० ठरतं असंही नाही. पावती नसेल तर साल लिहू नका. मामांनी बोटीवरच्या दिवसांत घेतलं एवढं लिहा, ते खरं आहे आणि वाचणाऱ्याला आवडेलही. काट्यांवरचा जुना रंग खरवडून बघू नका, त्याआधीच्या घड्याळांत रेडियम हे घातक किरणोत्सारी द्रव्य असायचं.

आता ‘स्टीलचं’. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच: झाकण स्टीलचं. बाकीची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, बरेचदा पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली असते. पट्टा काढा आणि पट्ट्याची पिन बसते तिथली मागची बाजू उजेडात धरा. आपल्याकडच्या घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने मुलामा तिथूनच उडतो, खाली पिवळं पितळ दिसतं. पॉलिश मारलं की उरलासुरला मुलामाही जातो आणि केसच्या कडा गोल होतात. गेलेली धार परत आणता येत नाही. हे मला मनापासून लागतं, कारण मालकाने ते भल्यासाठीच केलेलं असतं.

एक गोष्ट तुमची अगदी रास्त आहे. गावात घड्याळजी उरला नाही, झाकण उघडायला रत्नागिरी नाहीतर कणकवली गाठावी लागते. मग उघडू नका. सुरीने तर मुळीच नको; सुरी घसरली की झाकणावर कायमचा ओरखडा, आणि झाकण आट्यांचं असेल तर ते तसं निघतही नाही. ‘झाकण उघडलेलं नाही, मशीन पाहिलेलं नाही’ असं सरळ लिहा. उघडलंच तर आतल्या बाजूचा फोटो घ्या. जुने घड्याळजी तिथे टोकदार सुईने बारीक खुणा, तारखा कोरून ठेवत.

पाणी गेलेलं घड्याळ असेल तर ते सांगायलाच हवं. चिपळूणच्या २०२१ च्या पुरातून निघालेलं घड्याळ वाळवल्यावर चालायला लागतंही. पण चावीच्या दांड्यावर आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगवर गंज धरलेला असला तर ते काही महिन्यांत बंद पडतं. मग घेणारा भांडायला येतो, आणि तो चुकीचा नसतो.

‘चालतं’ हेही मोजून लिहा. पूर्ण चावी द्या, डायल वर करून चोवीस तास ठेवा, किती मिनिटं मागे किंवा पुढे गेलं ते टिपा. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ असलं तरी तो दावा तुम्ही करू नका. आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं.

तुमच्या घड्याळासाठी मी असं लिहीन: ‘फेवर ल्युबा सी चीफ, चावीचं. मामांनी बोटीवर असताना घेतलेलं, पावती नाही. डायलला हात लावलेला नाही, चारजवळ दमटपणाचे डाग. केसच्या मागे मुलामा उडालाय, फोटो दिलाय. चावी बदललेली असावी, तिच्यावर कंपनीची खूण नाही. झाकण उघडलेलं नाही. चोवीस तासांत सहा मिनिटं मागे पडतं.’

यातले तपशील मी अंदाजाने घातलेत, तुमचे तुम्ही भरा. सहाच्या खालच्या ओळीचा जवळून फोटो पाठवलात, तर डायल मूळ वाटते की रंगवलेली, ते कळवीन.