फ्लायव्हीलचा खर्च कुठं गेला?

"जुनी डिझेल सेडान घेतली तर वर्षाला १२ हजार मेंटेनन्स धरा" हे जुनी गाडी घेण्यावरच्या तुमच्या लेखात वाचून हसूच आलं की ओ. ते ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅडचं झालं, ड्युअल मास फ्लायव्हीलचं (इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक, आत धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असतात) लेखात नावच नाही! माझी २०१४ची, ९० हजार चाललेली, घेतली तेव्हा एकदम मक्खन आणि चौथ्या महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला पहिला गिअर टाकून सोडली की खडखड, क्लच तर दगडासारखा. मेकॅनिक म्हणला नुसती क्लच प्लेट टाकून भागणार नाही, फ्लायव्हीलच्या आतल्या स्प्रिंगा गेल्यात, गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर सगळं एकदाच करा. मजुरीसकट ४६ हजार. घरी अजून ऐकून घेतोय.

आणि लेखात टेस्ट ड्राइव्ह सकाळी घ्या म्हणलंय, थंड इंजिनचा आवाज ऐकायला ते बरोबरच आहे, पण आपल्या सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी पण एकदा एसी फुल लावून दहा मिनिटं जागेवर उभी करून बघा, टेम्परेचरचा काटा चढला किंवा एसी गरम हवा फेकायला लागला तर रेडिएटर फॅन, कंडेन्सर असलं काहीतरी निघणार, ते पैसे आधीच भावातून कापून घ्या.