'बाय' लिहिलंय खरं, पण पगार कुणाचा?

आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर चार दिवस एकच मेसेज फिरतोय: "मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेचा 'बाय' रिपोर्ट आला की डोळे झाकून शेअर घ्या. लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसतो, लबाड्या 2003 सालीच बंद झाल्या, आणि काही असलंच तर खाली छापलेलं असतं." बेळगावच्या शहापूरपासून खानापूरपर्यंत सगळ्यांनी तो पुढं ढकललाय, म्हणून लिहितोय.

स्वार्थ नसतो? रिपोर्ट आपल्याला फुकट मिळतो, मग तो लिहिणाऱ्या ॲनालिस्टचा पगार येतो कुठून? थोडा दलालीतून. पण त्याच बँकेचा दुसरा विभाग कंपन्यांचे आयपीओ आणतो, म्हणजे त्यांचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढतो, आणि मोठी फी तिथं असते. ज्या कंपनीचं काम उद्या मिळवायचंय, तिच्यावर 'विका' असा शिक्का कोण मारणार? एपीएमसीत रताळी घेऊन जाणाऱ्याला हे समजवायला नको. आणि सीमाप्रश्नावर कुणी तोंड उघडलं की हा कुठल्या बाजूचा, हे आपण आधी विचारतो. शेअरच्या बाबतीतच एवढे भोळे कसे होतो कुणास ठाऊक.

अमेरिकेतल्या मेरिल लिंच या बँकेचा ॲनालिस्ट हेन्री ब्लॉजेट इंटरनेट कंपन्यांचे शेअर लोकांना घ्यायला सांगायचा आणि आतल्या ईमेलमध्ये त्यातल्याच काहींना कचरा म्हणायचा. न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी त्या ईमेल बाहेर काढल्या. 2002 मध्ये मेरिलनं 10 कोटी डॉलर भरले. पुढच्या वर्षी ब्लॉजेटनं 40 लाख, वर धंद्यातून कायमची बंदी. दाभोळमुळं आपल्या ओळखीची एन्रॉन घ्या. डिसेंबर 2001 मध्ये तिचं दिवाळं निघालं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 15 पैकी 10 ॲनालिस्ट 'घ्या'च म्हणत होते.

2003 ला बंद झालं? त्या वर्षी अमेरिकेत 10 बँकांनी मिळून सुमारे 140 कोटी डॉलरची तडजोड केली, रिसर्च आणि बँकिंगमध्ये भिंत घातली, हे खरं. पण 2010 मध्ये खेळणी विकणारी टॉईज आर अस आयपीओची तयारी करत होती, तेव्हा काम मिळावं म्हणून बँकांनी अनुकूल रिसर्चचं गाजर दाखवलं. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या शेअर दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या फिन्रा या संस्थेनं दंड केला, एकूण 4 कोटी 35 लाख डॉलर. संस्था किती? पुन्हा 10च. तो आयपीओ तर आलाच नाही.

राहिलं खाली छापलेलं. आपल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2014 च्या नियमावलीनं ते सक्तीचं केलंय: कंपनीत एक टक्का किंवा जास्त हिस्सा आहे का, गेल्या 12 महिन्यांत तिच्याकडून पैसे घेतलेत का. नियम चांगलाच आहे. पण तो वाचतं कोण? आमचे तात्या उद्यमबागच्या फौंड्रीतून निवृत्त झाले, पीएफचे थोडे पैसे एका शेअरात घातले. भाव पडल्यावर मी त्यांच्या मोबाईलवरचा रिपोर्ट उघडला. टार्गेट, म्हणजे शेअर कितीवर जाईल तो आकडा, पहिल्याच पानावर, ठळक. शेवटचं पान बोटांनी ताणून मोठं केलं, तेव्हा मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं: या कंपनीकडून मर्चंट बँकिंगचं (म्हणजे आयपीओसारख्या कामांचं) मानधन घेतलेलं आहे.

आतले विक्रीचे, कर्जाचे आकडे खोटे नव्हते. ते वाचले असते तर उपयोगच झाला असता. तात्यांनी चष्मा काढून पुसला. "शेताचा उतारा कन्नडात असतोय, तरी दुसऱ्याकडनं वाचून घेतोय की मी," म्हणाले. "हे इंग्रजीत म्हणून सोडलं बघ."