‘आयाबायांना डॉक्टरकी शिकवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वृद्धाश्रमातल्या मदतनिसांना आजारांची प्राथमिक माहिती असायला हवी, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: ‘ताई, चौथी पास आयाबायांना डॉक्टरकी शिकवू नका. अर्धवट ज्ञान घातक असतं. त्यांनी चादरी बदलाव्यात, शुगर-बीपी नर्स बघेल.’ शिवाय थर्मामीटरची एक चूक दाखवलीत आणि लेख लांबल्याची तक्रारही केलीत.

थर्मामीटरचं बरोबर आहे. डिजिटल थर्मामीटर काखेत ‘एक मिनिट’ धरा असं मी लिहिलं होतं, ‘बीप वाजेपर्यंत’ हवं होतं. दुरुस्त केलं, आभार.

आता ‘आयाबाया’. आया हा शब्द मीही वापरते, पण तुम्ही तो ज्या सुरात लिहिलात तो मला फार लागला. मी फोंड्याची. 28 वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, हे मला पहिल्या वर्षी मेट्रनने नाही, पेडण्याच्या एका आयाने हात धरून शिकवलं. माकडहाडावरच्या लाल चट्ट्यावर ती बोट दाबून दाखवायची. बोट दाबूनही लाली जात नसेल, तर जखम आतून सुरू झाली समजायचं. तीही चौथीच शिकलेली होती. आणि चादर बदलणारीलाच तर माकडहाड आणि टाचा रोज दिसतात! नर्स येईपर्यंत चट्ट्याची जखम झालेली असते.

माझी आई शेवटची दोन वर्षं एका वृद्धाश्रमात होती. नाव लिहीत नाही. एका सोमवारी ती एकाएकी आपल्या मेलेल्या बहिणीला हाका मारू लागली. पेज ओठाला लावेना, दिवसभर ग्लानीत. तिथल्या मदतनीस मुलीने हे सगळं पाहिलं. पण काल नीट बोलणारं माणूस आज अचानक बरळू लागलं तर ते म्हातारपण नव्हे, आत संसर्ग असेल, पाणी कमी पडलं असेल, साखर उतरली असेल, नवं औषध बाधलं असेल, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘वय झालं’ म्हणून ती गप्प राहिली. बुधवारी मी गेले तेव्हा आई तापाने फणफणली होती. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. ‘तुझं काम चादरी’ असं तिला बजावणाऱ्यांचा आला, आणि तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच पुन्हा उसळला.

डॉक्टरकी मी कुठे शिकवली ते दाखवा. आपल्या मनाने एकही गोळी द्यायची नाही, हे लेखात दोनदा आहे. मधुमेही आजोबांना घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साखर 70 च्या खाली असली, तर शुद्ध आहे ना, गिळता येतंय ना ते बघून तीन चमचे साखर पाण्यात द्या, नर्सला हाक मारा, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा, 108 लावा. बेशुद्ध आजीच्या तोंडात मायेपोटी गोड चहा ओतलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. ओतणारीला हे शेवटचं वाक्य माहीत नव्हतं. तुम्ही घातक म्हणता ते यातलं कुठलं ज्ञान?

लेखाच्या लांबीबद्दल काही बोलायचं नाही. लांब वाटला तर सोडून द्या, तो तुमच्यासाठी लिहिलेला नव्हताच.

पुन्हा लिहाल तेव्हा ‘मदतनीस’ लिहा. ‘आयाबाया’ असलेली दुसरी प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.