फियाट मिसिंग करतीय? खोला कार्बोरेटर!

जुनी गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे इंजिन धक्के देत मधेच दम सोडायला लागलं, की मेकॅनिकचा पहिला नियम: काही बघायचं नाही. बघितलं की दोष सापडायची भीती असते.

माझी ८५ची पद्मिनी, म्हणजे फियाटच. १०८९ सीसी, चार सिलिंडर. गेल्या महिन्यात कोल्हापुरातनं पन्हाळ्याला निघालो. शिवाजी पुलावरनं लोण्यासारखी गेली, वाघबीळला चढ लागला आणि फट्‌फट्‌ करत बंद. पंधरा मिनिटं गार केली, परत शहाण्यासारखी चालू. तर, ‘गार असताना पळते, तापली की मरते’ हे मेकॅनिकला चुकूनही सांगू नका. मी सांगितलं. तो माझ्याकडं न बघता पाना शोधत होता.

मग कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोला. गाडी धूर सोडू दे, धक्के देऊ दे, हॉर्न वाजंना, तरी कार्बोरेटरच. तो वरच असतो, नट काढले की हातात येतो, बिचारा पळून कुठं जाणार? जेटमध्ये (पेट्रोल यायचं बारीक भोक) तार घाला, फुंकर मारा, आतला तरंगता फ्लोट कानाशी हलवून डॉक्टरसारखा चेहरा करा. नाही जमलं? दुसऱ्या दिवशी परत खोला. माझा तीनदा खोलला. तिसऱ्यांदा बुडाचं गॅसकेट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, फाटलं, खालनं हवा ओढायला लागली आणि आधी नुसती चढावर मरणारी गाडी आता दसरा चौकात सिग्नलला मरायला लागली. यावर ‘इंजिनच उतरवायला लागतंय’ असं म्हणायचं. ठरलेलं आहे.

ठिणगी पाडणारे प्लग काढलेत तर काळा की पांढरा बघू नका, सरळ चारही नवे टाका.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कानानं लावा.

काहीच सुचेना तर पेट्रोलमधल्या इथेनॉलला शिव्या द्या. आपल्याच उसाचा आहे, ऐकून घेतो. (जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा तो खरंच खातो. पण ते तपासायला वाकावं लागतं.)

आणि रस्त्यात बॉनेट उघडलंत की जमणाऱ्या प्रत्येकाचं ऐका. त्यांच्या मामाकडं फियाट होती.

कंडेन्सर होता हो, कंडेन्सर! प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला चिकटलेला बोटाएवढा डबा. तापला की आतनं दगा द्यायचा, पॉइंटवर (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) ठिणग्या उडायच्या, प्लगला करंट पोचायचा नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं असतं तर पॉइंट जळून काळे पडलेले दिसले असते. तापलेल्या इंजिनाचा एक प्लग काढून बॉडीला टेकवायचा, स्टार्टर मारायचा, ठिणगी निळी की पिवळी मरतुकडी ते बघायचं. दोन मिनिटं लागतात, दोन! शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, दोन मिसळींच्या पैशात. आणि तुम्ही, कार्बोरेटरवाले मेकॅनिक, तीस वर्षं हत्यारं धरताय आणि करंट आहे का एवढं बघता येत नाही? लाज वाटत नाही पैसे मागताना? चार प्लग, तीन मजुऱ्या, एक गॅसकेट माझ्या डोक्यावर! आणि तार घालून मोठं केलेलं जेटचं भोक? गाडी आता पेट्रोल पितीय नुसती. तो जेट भरून द्या आधी, मग बिलाचं बोलू.